गूळ बंद केला, मग गोळी कशाला?

"याचा गूळ मी केव्हाच बंद केलाय, मग जंताची गोळी कशाला?" आज, राष्ट्रीय जंतनाशक दिनी, तुर्भ्याच्या अंगणवाडीत एका आजींनी नातवाचा हात घट्ट धरून सेविकाताईंना विचारले, आणि रांगेतल्या आयांनीही माना डोलावल्या.

गोडाचा आणि जंतांचा संबंध आपल्याकडे इतका पक्का मानला जातो की मातीकडे कोणाचे लक्षच जात नाही. वास्तविक जंतांची अंडी विष्ठेतून मातीत मिसळतात आणि न धुतलेल्या हातांवाटे किंवा भाजीवाटे पोटात जातात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या त्वचेतूनच शिरते, पुढे आतड्याला चिकटून रक्त शोषते, आणि रक्त कमी झालेले मूल वर्गात पेंगू लागले की त्याला आळशी ठरवून आपण मोकळे होतो.

गोळीने मूल हुशार होते, असे मात्र मी म्हणणार नाही. केनियातील शाळांवरच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या गाजलेल्या अभ्यासात जंतनाशक दिल्यावर मुलांची गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली, पण परीक्षेतील गुण वाढल्याचे दिसले नाही. मूल निदान वर्गात येऊन बसते, हे मला पुरेसे मोठे वाटते.

ताईंनी आजींना समजावले आणि नातवाने अल्बेंडाझोलची गोळी (तोंड वाकडे करत का होईना) चावून खाल्ली. ही गोळी आतड्यातले जंत मारते, मातीतली अंडी नाही, म्हणून ती पुन्हापुन्हा द्यावी लागते. वस्तीतल्या शौचालयात पुरेसे पाणी आणि साबण असावा, यासाठी वर्षातला कोणता दिवस राखून ठेवला आहे?