विहिरीच्या भिंतीतला कुजका खडक

गेल्या उन्हाळ्यात पुरंदर तालुक्यात मामांच्या शेतावर नवी विहीर खणली, तेव्हा ते काम पुरे होईपर्यंत मी चार वेळा तिथे जाऊन आलो. मला विहिरीची उघडी पडलेली भिंत पाहायची होती. वर अडीच फूट काळी माती, तिच्या तळाशी चुनखडीचे पांढरे खडे, त्याखाली तांबूस-पिवळा मुरूम, मुरमात रुतलेले गोल गोटे आणि सगळ्यात खाली, जिथे ब्रेकर लावावा लागला तिथे, निळसर काळा पाषाण. पाहणाऱ्याला वाटते की हे निरनिराळे थर कुणी एकावर एक रचले आहेत. प्रत्यक्षात तो एकच खडक आहे, आणि तो जागच्या जागी वरून खाली कुजत गेला आहे.

हा खडक म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, आपला बेसॉल्ट. त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजे हजार अंशांच्या वरच्या उष्णतेत जन्मलेली असल्यामुळे भूपृष्ठावरच्या गारव्यात आणि ओलाव्यात ती टिकाव धरू शकत नाहीत. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होते, मातीतून झिरपताना मुळांच्या श्वसनातून बाहेर पडलेल्या वायूमुळे त्याची आम्लता आणखी वाढते, आणि असे पाणी खडकाच्या भेगांत उतरले की फेल्डस्पारची चिकणमाती होऊ लागते व लोहाला गंज चढतो. मुरमाचा तांबूस रंग हा तोच गंज होय.

भिंतीतला एक गोटा मी हातात घेऊन पाहिला. अंगठ्याने दाबताच त्याचा वरचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा सुटून आला, त्याखाली दुसरा निघाला, मग तिसरा. प्रत्येक पापुद्रा आधीच्यापेक्षा कठीण होता. शेवटी मुठीएवढा काळा गाभा उरला, आणि त्यावर हातोडी मारल्यावर खणखणीत आवाज आला. लाव्हा थंड होऊन आकसताना त्याला आडवे-उभे तडे गेले होते आणि त्या तड्यांनी खडकाचे चौकोनी ठोकळे पाडले होते. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर पाणी तीन बाजूंनी चाल करते, कडेवर दोन बाजूंनी आणि सपाट अंगावर एकाच बाजूने, म्हणून कोपरे आधी झडतात आणि ठोकळा गोल होत जातो. हे गोटे नदीने घासून आणलेले आहेत असा समज अनेकांचा असतो, मात्र ते जागचे तसूभरही हललेले नाहीत.

उन्हाने तापून आणि रात्री गार होऊन दगड फुटतो, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. पण १९३६ साली भूवैज्ञानिक डेव्हिड ग्रिग्ज यांनी ग्रॅनाइटचा तुकडा प्रयोगशाळेत सुमारे ८९ हजार वेळा कोरडाच तापवून थंड केला, तरी त्याला काही झाले नाही. पाण्याचा फवारा मारून थंड करू लागल्यावर मात्र थोड्याच काळात त्याच्यावर परिणाम दिसू लागला. माझ्या मते या साऱ्या प्रकारात मुख्य कर्ते पाणीच आहे.

पाणी किती पडते आणि ते किती वाहून जाते, यावर शेवटी काय उरणार हे ठरते. कोकणातल्या धो धो पावसात याच बेसॉल्टमधले सिलिका, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले व त्यांचा जांभा झाला, जो खाणीत ओला असताना सहज कापता येतो आणि हवेत सुकला की घट्ट होतो. देशावर पाऊस कमी असल्यामुळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मातीतच राहिले, त्यांच्यामुळे फुगणारी व आकसणारी चिकणमाती तयार झाली, आणि म्हणूनच आपल्या काळ्या रानाला वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मामांच्या भिंतीतले चुनखडीचे खडे म्हणजे वरच्या मातीतून विरघळून खाली उतरलेले आणि तिथे पुन्हा साकळलेले कॅल्शियम आहे.

विहिरीला पाणी लागले ते कठीण पाषाणात नव्हे, तर मुरूम संपून पाषाण सुरू होतो त्या सांध्यावर. कुजून भुसभुशीत झालेला थर पावसाळ्यात मुरलेले पाणी धरून ठेवतो आणि खालचा अभंग खडक ते आणखी खाली जाऊ देत नाही. खणणाऱ्यांनी त्या सांध्यावरचा मुरूम पहारीने मोकळा केला, तेव्हा बोटाएवढी धार भिंतीतून बाहेर आली. पहिले पाणी गढूळ, तांबूस होते. मामांनी ते ओंजळीत घेतले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले.