तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी घरीच का केली?

गणपती असो, कोजागिरी असो, नाहीतर कोणाकडे शनिवारचं जेवण असो, डेट्रॉईटच्या आसपासची आपली मंडळी जमली की कोणीतरी मला हटकून विचारतं, "अहो, अशी जुनी गाडी दुरुस्त करून तयार मिळते की! मग घरच्या गॅरेजमध्ये एवढी वर्षं खपलात कशाला?" पुण्याहून काकांचा फोन आला की तेही हेच विचारतात, फक्त त्यांच्या पद्धतीने: "एवढ्या पैशात नवी नसती का आली?"

काकांचं उत्तर सोपं आहे. आली असती. नवी गाडी आमच्या दारात आहेच, रोज ऑफिसला तीच नेतो. ही वेगळी. ही 1968 ची पाँटिअॅक जीटीओ, दोन दारांची, गडद हिरव्या रंगाची. कंपनीच्या कागदांत त्या हिरव्याचं नाव 'व्हर्डोरो ग्रीन'. बॉनेटखाली 400 घन इंचांचं, म्हणजे 6.6 लिटरचं व्ही-8 इंजिन. ॲव्हरेज विचाराल तर लिटरला चार-पाच किलोमीटर, तेही पाय हलका ठेवला तर.

मंडळींच्या प्रश्नाला मात्र नीट उत्तर द्यायला हवं, कारण घाईघाईत सांगितलं की "हौस" एवढंच त्यांच्या कानावर पडतं, आणि हौस हे त्याचं खरं कारण नाही.

बाहेरच्या वर्कशॉपमध्ये माणसाचा तास महाग असतो. इकडे मिशिगनमध्ये चांगल्या कारागिराच्या तासाला शंभर डॉलरहून जास्त पडतात आणि संपूर्ण गाडी उघडून पुन्हा उभी करायला हजार तास सहज जातात. त्यामुळे काच वर-खाली करणारी यंत्रणा जाम झाली असेल तर ती सोडवून, रॉकेलमध्ये धुऊन, दात तपासून, ग्रीस भरून पुन्हा बसवण्यापेक्षा नवी नक्कल मागवून लावणं त्याला परवडतं. त्यात त्याचा दोष नाही, तो गिऱ्हाईकाचे पैसेच वाचवत असतो. पण असं पन्नास ठिकाणी झालं की शेवटी हातात येते ती गाडी बाहेरून 1968 ची आणि आतून आजच्या कुठल्यातरी कारखान्यातल्या सुट्या भागांची. घरी हिशेब उलटा असतो. माझ्या वेळेचं बिल कोणी लावत नाही, म्हणून जुना भाग वाचतो. गाडी घरी केली ती यासाठी.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे तिचं नाक. 1968 साली पाँटिअॅकने जीटीओच्या पुढच्या क्रोमच्या बंपरला रजा दिली आणि त्या जागी 'एन्ड्युरा' नावाच्या रबरासारख्या लवचिक पदार्थाचं, गाडीच्याच रंगात रंगवलेलं नाक बसवलं. हलका धक्का बसला तर ते दबतं आणि पुन्हा फुलतं. टीव्हीवरच्या जाहिरातीत त्यावर चक्क घाव घालून दाखवायचे. पण अर्धशतक ऊन-थंडी खाल्ल्यावर या पदार्थाला बारीक भेगा पडतात, आणि त्यावर साधा रंग दिला तर तो तडकतो. ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी "फायबरचं नवं नाक घ्या" असंच सांगितलं. मी एक अख्खा हिवाळा त्या नाकाला दिला. जुन्या रंगाचे थर हाताने, पाण्याच्या पॉलिश पेपरने उतरवले. प्रत्येक भेग उघडी करून त्यात लवचिक फिलर भरलं, घासलं, पुन्हा भरलं. रंगातही लवचिकपणा आणणारं द्रव्य मिसळावं लागतं. आज तुम्ही गाडीच्या नाकावर अंगठा दाबलात तर ते दबतं. फायबरच्या नाकात हे व्हायचं नाही. कोणत्याही वर्कशॉपने एवढे तास लावले नसते, आणि लावले असते तर ते बिल मला झेपलं नसतं.

मग जीटीओच का, असंही विचारतात. मी वूडवर्ड अॅव्हेन्यूपासून जवळ राहतो. हा रस्ता डेट्रॉईटच्या नदीकाठाहून निघतो आणि थेट पाँटिअॅक गावात जातो, आणि ही गाडी त्याच गावच्या कारखान्यात जुळवलेली आहे. 1963 च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने पाँटिअॅकसकट आपल्या सगळ्या विभागांना मोटार शर्यतींतून अंग काढून घ्यायला लावलं. शिवाय मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असाही नियम होता. पाँटिअॅकचे तेव्हाचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस जी यांनी त्यातली फट शोधली. नियम गाडीच्या मूळ इंजिनाला लागू होता, गिऱ्हाईकाने वरून मागितलेल्या जादा सामानाला नव्हता. म्हणून त्यांनी पाँटिअॅकच्या मध्यम आकाराच्या 1964 च्या टेम्पेस्ट गाडीवर 'जीटीओ' नावाचा, तीनशे डॉलरच्या आतला एक 'ऑप्शन' ठेवला, आणि त्यात 389 घन इंचांचं इंजिन दिलं. विक्री विभागाने जेमतेम पाच हजारांची तयारी दाखवली होती. पहिल्याच वर्षी 32,000 हून जास्त गाड्या गेल्या. मध्यम अंगाची, मोठ्या इंजिनाची आणि तरुण नोकरदाराला परवडणारी गाडी, जिला पुढे मसल कार म्हणू लागले, तिची खरी लाट इथून उठली. मी दिवसा गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. माझ्या कामाची मुळं ज्या गावात आहेत तिथली एक वस्तू हातांनी समजून घ्यावी असं मला मनापासून वाटायचं.

आता या गावाची दुसरी बाजू. डेट्रॉईट शहराच्या खाली, हजार फुटांहून खोल, मिठाची प्रचंड खाण आहे. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आणि ते मीठ इथे बनलेल्या गाड्यांचे पत्रे खातं. या पिढीच्या जीटीओला गंज कुठे लागतो हे आता मला झोपेतही सांगता येईल: मागच्या काचेखालची खोबण, डिकीचा तळ, मागच्या चाकामागचा पत्रा, पुढच्या मडगार्डचं खालचं टोक. काचेखालची खोबण सर्वांत फसवी. काचेच्या कडेच्या पट्टीखाली पाणी साचतं, तिथून डिकीत झिरपतं, आणि डिकीच्या गालिच्याखाली वर्षानुवर्षं मुरत राहतं.

गंजलेला पत्रा कापायचा तो चांगला, चकचकीत पत्रा लागेपर्यंत. नवा तुकडा मापात कापून बसवायचा आणि वेल्डिंगचे टाके मारायचे. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा विरुद्ध टोकाला. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, सलग ओढ घेतलीत तर उष्णतेने पापडासारखा वळतो. म्हणून दोन टाक्यांच्या मध्ये थांबायचं, हात लावून बघायचं, मग पुढे. या थांबण्यालाही बाहेर तासाचा दर लागतो. लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची ती शेवटी, अगदी पातळ, सांधा सपाट करण्यापुरती. जाड लांबीखाली गंज झाकून रंगवलेल्या गाड्या मी इतक्या पाहिल्या आहेत की त्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो.

हळू काम करण्याचा एक लाभ मला आधी माहीतच नव्हता. बॉनेट आणि केबिनच्या मधल्या भिंतीवरचा तेलकट थर मी चिंध्या आणि सौम्य साबणाने उतरवत होतो. वर्कशॉपमध्ये तिथे सरळ वाळूचा फवारा मारतात. थराखाली रंगाचा एक पुसट ठिपका निघाला. जुळणीच्या लाइनवर काम तपासून झालं की तपासनीस असे ठिपके मारत, खडूने खुणा करत. मी त्याचा फोटो काढला, माप घेतलं, आणि तो होता तसा ठेवला. मुलाने विचारलं, "बाबा, हा ज्याने मारला तो माणूस आता असेल का?" असेलही. त्या कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं अजून याच परिसरात राहतात, आणि गाडी रस्त्यावर उभी केली की कोणी ना कोणी येऊन बॉनेटवर हात ठेवून जातं.

इंजिनाबद्दल लोक सर्वांत जास्त घाबरतात, आणि माझ्या मते तेच सर्वांत कमी घाबरण्यासारखं आहे. पण 60 च्या दशकातल्या या इंजिनांची एक खोड सांगायला हवी. आवाज कमी व्हावा म्हणून कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, गिअरच्या दातांवर नायलॉनचं आवरण दिलेलं असे. वर्षांनी ते ठिसूळ होतं, तुकडे ऑइल संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. ऑइल मिळालं नाही की बेअरिंगं गेली. म्हणून बंद पडून असलेलं इंजिन "आधी सुरू तर करून बघू" म्हणत कधीही फिरवू नका. आधी संप काढा. आमच्या संपमध्ये ते पिवळट तुकडे होते. त्या जागी आता पूर्ण लोखंडी गिअर आणि नवी चेन आहे.

दुसरी अडचण पेट्रोलची. या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, 10.75 ला 1, आणि ते ठरवलं होतं त्या काळच्या शिसं मिसळलेल्या जादा ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल 1996 पासून पूर्ण बंद आहे. आजच्या पेट्रोलवर एवढ्या कॉम्प्रेशनचं इंजिन चढावर ठोकतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून खडखड आवाज येतो. इंजिनाच्या ब्लॉकमधले सिलिंडर तसेही बोअर करून तीस थाऊ, म्हणजे इंचाच्या तीस हजारांश भागाने, मोठे करावे लागणार होते, तेव्हा पिस्टन खोलगट माथ्याचे घेतले आणि कॉम्प्रेशन साडेनऊच्या खाली आणलं. थोडी ताकद गेली, पण गाडी कुठल्याही पंपावर पेट्रोल भरून चालते. इथे मी मूळपणाचा हट्ट धरला नाही. जी गाडी चालवता येत नाही ती माझ्यासाठी अपुरी आहे. रबरी पेट्रोल नळ्याही बदलल्या, कारण आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात विरघळत जातं. ऑइल मात्र जस्त जास्त असलेलंच लागतं. जुन्या पद्धतीचा कॅमशाफ्ट आणि त्याच्यावर टेकून व्हॉल्व्ह उचलणारे टॅपेट एकमेकांवर घासत चालतात, आणि नव्या गाड्यांच्या ऑइलमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी जस्त कमी केलेलं आहे.

"सगळं घरीच?" असं विचाराल तर नाही. बोअर, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्हचं काम मशीन शॉपमध्ये. तिथले वयस्कर मिस्त्री मायक्रोमीटर लावून आकडा तोंडी सांगायचे आणि मी लिहून घ्यायचो. शेवटचा रंगही बाहेर. आजच्या दोन भागांच्या रंगातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, साध्या मास्कने ते अडत नाही, आणि आमचं गॅरेज स्वयंपाकघराला लागून आहे. ब्रेक घरी उघडलेत तर ड्रममधली धूळ हवेच्या दाबाने कधीच उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसा. जुना रंगही कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

बायकोला विचाराल तर ती सांगेल की डब्यांचा हिशेब तिने ठेवला म्हणून गाडी पुन्हा जुळली. खरंच आहे ते. प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर फोटोचा नंबर, ही शिस्त तिची. डाव्या दाराची पिशवी आणि उजव्या दाराची पिशवी एकत्र होऊ न देणं हे इंजिन जुळवण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

हल्ली तरुण मुलं विचारतात, "काका, मलाही करायची आहे, कुठून सुरुवात करू?" आधी नंबर वाचायला शिका. 1968 च्या गाडीचा नंबर 242 ने सुरू होत असेल तर ती कारखान्यातूनच जीटीओ म्हणून निघालेली आहे. 237 असेल तर ती पाँटिअॅकचीच, पण साधी ली मान्स, मग अंगावर कितीही जीटीओचे बिल्ले असोत. ली मान्सही छान गाडी आहे, फक्त जीटीओची किंमत देऊ नका. मग पत्रा बघा. इंजिन मेलेलं पण अंग सुकं अशी गाडी मिळाली तर तीच घ्या, कारण इंजिनाला रस्ता सापडतो, कुजलेल्या अंगाला पैसा आणि हिवाळे दोन्ही कमी पडतात. रंगाच्या चकाकीकडे पाहू नका. टॉर्च घेऊन डिकीत वाका, गालिचा उचला, मागच्या काचेखालच्या आणि चाकामागच्या पत्र्यावर खिशातला चुंबक टेकवा. तो धरत नसेल तर खाली लांबी आहे, आणि विकणाऱ्याला नमस्कार करून घरी या.