तुम्ही विचारलंत म्हणून: दोघांच्या पोकरमध्ये कुठले पत्ते खेळायचे?

आमचा ठाणे लोकलमधला मेंढीकोटाचा ग्रुप दादरला पांगतो. मग सीएसएमटीपर्यंत दोघंच उरतो आणि मांडीवरच्या आडव्या बॅगेवर पोकर सुरू होतं. पैसे नाहीत, वहीत नुसते आकडे. उभ्याने बघणारं कुणीतरी हमखास म्हणतं, "असले फालतू पत्ते काय खेळता? कुठले खेळायचे त्याची यादी द्या ना."

देतो, पण दोन द्याव्या लागतील. आधी सांगा, पत्ते वाटले कोणी?

आम्ही खेळतो ते टेक्सास होल्डम: दोन पानं हातात, बाकीची मध्ये दोघांसाठी उघडलेली. दोघांच्या डावात वाटणारा छोटा ब्लाइंड भरतो, समोरचा मोठा; ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीच भरायची सक्तीची रक्कम. हातातल्या दोन पानांवर तो आधी बोलतो, पण मधली पानं उघडली की दर फेरीला शेवटी. सगळी मेख तिथे आहे. समजा, माझ्याकडे गुलाम-छक्की, वेगवेगळ्या रंगांची. ब्लाइंड १ आणि २. वाटणारा मी, रेझ करून म्हणजे बोली वाढवून ४ वर नेलं, समोरच्याने कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले. उघडलं एक्का, नव्वी, तिर्री. तो चेक म्हणाला, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली, मी ३ लावले, त्याने पत्ते टाकले. आता वाटणारा तो. माझे पत्ते तेच, मधली पानंही तीच, पण आधी बोलायचंय मला. मी चेक म्हणतो, तो ३ लावतो, टाकतो मी. लागलेलं कुणालाच काही नाही.

म्हणून वाटणाऱ्याने दहातले आठेक डाव खेळावेत, शक्यतो रेझ करूनच. टाकायचा तो निव्वळ कचरा: दुर्री-सत्ती, तिर्री-अठ्ठी, तेही वेगळ्या रंगांचे. नऊ जणांच्या टेबलावर शिकलेल्यांना हे पचत नाही. तिथे एक्का-चौकी टाकणं शहाणपणाचं. इथे समोर एकटाच, आणि त्याच्याकडेही बहुतेकदा जोडी नसते.

मोठा ब्लाइंड भरणाऱ्याने हात आखडावा, पण बेताने. वाटणाऱ्याने ४ केले की पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ६, तुम्हाला घालायचे २. चारात एकदा जिंकलात तरी बरोबरी. समोर कुठलेही पत्ते येऊ शकतात असं धरलं, तर सरासरीने दुर्री-तिर्रीसुद्धा शेवटच्या पानापर्यंत टिकली तर साधारण तीनात एकदा जिंकते. पण आधी बोलणाऱ्याला तिथवर टिकू कोण देतो? तेव्हा दहातले सहा-सात खेळा, त्यातही एका रंगाच्या, लागोपाठच्या पानांना झुकतं माप. त्याने ६ केले तर मात्र तीनात एकदा जिंकावं लागतं, मग कडेकडेचे डाव सोडा.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस प्रोग्रामने २०१५ मध्ये लिमिट प्रकारातला (जिथे रक्कम ठरलेल्या मापानेच वाढवता येते) दोघांचा खेळ जवळपास सोडवला. दोघंही बिनचूक खेळले तरी वाटणाराच पुढे राहतो, शंभर डावांमागे साधारण ९ मोठे ब्लाइंड.

आणि यादी काही दगडावरची रेघ नाही. समोरचा किती टाकतो ते भायखळ्यापर्यंत कळतंच. १ आधीच भरलेला असतो, वर ३ घालून मी पॉटमधले ३ मिळवतो; रेझला तो निम्म्याहून जास्त वेळा टाकत असेल, तर वाटायची पाळी माझी असताना मी दुर्री-सत्तीही सोडत नाही.