देशी मोहरी की हायब्रीड?

वनस्पतिशास्त्र शिकवते म्हटलं की कुणीतरी हमखास विचारतं, "हायब्रीड मोहरी म्हणजे जीएमच ना? आपली देशीच बरी." जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेली. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते.

देशी मोहरीही हायब्रीडच, म्हणजे संकरातून आलेली. फोडणीत बहुतेक वेळा पडते ती ब्रासिका जुन्सिया. ज्या जातीतून सलगम आलं ती ब्रासिका रापा आणि काळी मोहरी म्हणतात ती वेगळीच जात, ब्रासिका नायग्रा, या दोघींच्या संकरातून ती हजारो वर्षांपूर्वी आपसूक झाली. एकीच्या 10 जोड्या गुणसूत्रं, दुसरीच्या 8. दोन्ही संच पुरते एकत्र आले. हे नातं वनस्पतिशास्त्रज्ञ नागाहारू यू यांनी 1935 साली मांडलं.

प्रॅक्टिकलला मुलं हे डोळ्यांनी बघतात. अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिडात मुरवलेल्या कोवळ्या कळीतले परागकोश ॲसिटोकार्माइन या लाल रंगाच्या थेंबात फोडायचे, वर कव्हरस्लिप, टिपकागद, आणि अंगठ्याचा दाब. नेमक्या वयाची कळी मिळणं कर्मकठीण, पण मिळाली तर गुणसूत्रांच्या लालसर 18 जोड्या सुट्या दिसतात.

या सुट्या जोड्यांचं मला अप्रूप वाटतं, कारण संकर नवा असतो तेव्हा दरवेळी असं नसतं. मोहरीची चुलत बहीण कनोला, तेलबियांचं पीक, बघा: रापा अधिक कोबीची जात, 10 आणि 9. हे दोन संच इतके सारखे की दोन घरांची भांडी एका मांडणीवर लावल्यावर होतं तसं होतं, कुणाचा डबा कुठे ते कळत नाही. अमेरिकेत शास्त्रज्ञांनी हा संकर नव्याने करून त्याच्या पन्नासेक वंशावळी पाच पिढ्या वाढवल्या. सुरुवात सारखी, तरी प्रत्येकीत गुणसूत्रांचे वेगळे तुकडे गळले आणि त्या जागी दुसऱ्या संचातले आले. अशा कृत्रिम संकरांत सख्ख्या वंशावळींचा फुलण्याचा काळसुद्धा वेगळा निघालेला आहे. आपल्या मोहरीतले दोन संच एकमेकांपासून बरेच लांबचे, म्हणून तिथे ही सरमिसळ कमी.

त्यापुढे आजची हायब्रीड किरकोळच: जुन्सियाच्याच दोन वाणांचा संकर. अडचण एवढीच, की मोहरीचं फूल बहुधा स्वतःच्याच परागांनी फळतं, म्हणून मादी वाण नरवंध्य, म्हणजे स्वतःचे पराग न देणारा, लागतो. तो जीएमशिवायही मिळतो, आणि तशी हायब्रीड शेतात आहेतही. दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटाने केलेली डीएमएच-11 मात्र जीएम, तिच्यात मातीतल्या जिवाणूची जनुकं आहेत. 2022 साली तिला केंद्रीय समितीची मंजुरी मिळाली, 2024 मध्ये त्या मंजुरीवरून सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. तणनाशक, मधमाश्या, बियाण्याची मालकी यांवर तिच्याशी जरूर भांडा. "नैसर्गिक नाही" हा त्यातला सगळ्यात लंगडा मुद्दा.

खरा फरक बियाण्यात आहे. जुन्या संकरात दोन्ही संच दुप्पट झाले, प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार मिळाला, म्हणून ती मोहरी पिढ्यान्‌पिढ्या तशीच उगवते. दुकानातल्या हायब्रीडच्या पिकातले दाणे पुढच्या वर्षी पेराल तर शेतात उंच-बुटकी, लवकर-उशिरा अशी सगळी खिचडी. म्हणून पिशवी दरवर्षी नवी घ्यावी लागते.