'सोपी असते गं ती'

बार एक्झाम दिली, निकाल लागला, सीओपीच्या (वकिली करायच्या प्रमाणपत्राच्या) मागे पण लागून झालं, त्यामुळे आता जरा निवांत लिहिते. परीक्षेच्या आधी हीच पोस्ट लिहिली असती तर त्यात निम्म्या शिव्या असत्या.

ज्यांना या भानगडीतलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एलएलबी झालं, राज्याच्या बार काउन्सिलकडे नाव नोंदवलं, सनद हातात आली, काळा कोट शिवून झाला, की घरच्यांच्या लेखी आपण वकील. पण तसं नसतं. बार काउन्सिल ऑफ इंडियाने २०१० मध्ये ठरवलं की २००९-१० पासून पुढे पास होणाऱ्या सगळ्यांनी ऑल इंडिया बार एक्झामिनेशन द्यायची, आणि मार्च २०११ मध्ये पहिली परीक्षा झाली. ती पास होईपर्यंत तुमची सनद तात्पुरती. दोन वर्षांत ही पास व्हायचं, नाही झालात तर पास होईपर्यंत वकिली बंद. पेपर शंभर प्रश्नांचा, चार पर्याय, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. ओपन आणि ओबीसीला ४५ लागतात, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ४०. रँक नाही, जागा मर्यादित नाहीत, कितीही वेळा देता येते.

आता हे वाचून तुमच्या मनात जे आलं ना तेच सगळ्यांच्या मनात येतं, आणि माझं सगळं टेन्शन नेमकं तिथे होतं.

मी नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका गल्लीतल्या अभ्यासिकेत बसायचे, संध्याकाळी कोर्टातून आल्यावर. बाकी सगळी एमपीएससीची पोरं. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने एकदा विचारलं, ताई तुमचं कटऑफ किती जातं? म्हटलं कटऑफ नसतं रे, पासिंग असतं, ४५. तो म्हणाला ४५ म्हणजे पर्सेंटाइल? नाही, शंभरपैकी ४५. आणि जागा? जागा नसतात, जेवढे पास तेवढे पास. तो जरा वेळ गप्प बसला आणि मग अगदी मनापासून, टोमणा वगैरे नाही, म्हणाला, "मग तुम्ही इथे का येता?"

त्याला काय सांगणार. तो ज्या परीक्षेला बसलाय तिच्यात नापास झाला तर लोक म्हणतील स्पर्धाच केवढी आहे, पोरगा हुशार आहे पण नशीब. माझ्या परीक्षेत नापास झालं तर असं म्हणायला कुणालाच जागा नाही. अवघड परीक्षेत पडायला इज्जत असते, सोप्या परीक्षेत पडलं की फक्त हसं होतं. त्यात आमच्या आईने माझ्या बायोडेटावर केव्हाच 'ॲडव्होकेट' छापून टाकलेलं, तो बायोडेटा चार तालुके फिरून आला होता, आणि मी नापास झाले तर तो परत कसा गोळा करायचा हा विचार खरंच माझ्या डोक्यात रात्री दोन वाजता येऊन गेलाय.

कोर्टात तर वेगळाच प्रकार. आमच्या साहेबांची सनद नव्वदच्या दशकातली, म्हणजे त्यांना ही परीक्षा कधी द्यावीच लागली नाही. त्यांच्यानंतरचे जे दहा-बारा वर्षांपूर्वीचे वकील आहेत त्यांनी दिलीय, पण तेव्हा पुस्तकं, नोट्स, गाइड सगळं घेऊन बसता यायचं. ते २०२१ पासून बंद झालं, आता फक्त बेअर ॲक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याच्या मजकुराची पुस्तकं चालतात, ती पण कोरी, एक ओळसुद्धा लिहिलेली नको. पण बार रूममध्ये हे कुणाच्या गावीच नाही. ज्याला सांगावं तो म्हणतो, "अगं ओपन बुक असते ना ती? सोपी असते गं." कॉलेजात असताना आमच्यातल्या काहींना तर आशा होती की सुप्रीम कोर्ट ही परीक्षाच रद्द करेल, केस बरीच वर्षं पडून होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बॉनी फॉई लॉ कॉलेजच्या प्रकरणात निकाल दिला की बार काउन्सिलला अशी परीक्षा घ्यायचा अधिकार आहे. संपला विषय. कायदा शिकणाऱ्यांची आशा कायद्यानेच मोडली, चांगलं झालं म्हणा, निदान अभ्यासाला तरी बसलो.

अभ्यासाचं गणित सगळे एकच मांडतात. राज्यघटना, सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया) आणि सीपीसी (दिवाणी प्रक्रिया) प्रत्येकी १० मार्क, आयपीसी (दंड संहिता), एव्हिडन्स (पुरावा), फॅमिली लॉ आणि कॉन्ट्रॅक्ट-प्रॉपर्टीचा गठ्ठा प्रत्येकी ८. झाले ६२. बाकी टॅक्स, कंपनी लॉ, सायबर, पर्यावरण, भूसंपादन हे दोन-दोन चार-चार मार्कांचे विषय देवाच्या भरवशावर. कागदावर हे इतकं छान दिसतं की पहिला आठवडा माणूस खुशीत असतो. मग क्रिमिनल उघडतो.

मी डिसेंबर २०२४ ला दिली, म्हणजे नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ ला लागू झाले त्यानंतरची पहिलीच. अभ्यासक्रमात जुनं पण होतं आणि नवं पण. आता आमचं ऑफिस मुख्यतः क्रिमिनलचं. सकाळी जी फाइल हातात येते ती २०१९ ची नाहीतर २०२१ ची, आणि गुन्हा १ जुलैच्या आधी घडलेला असेल तर त्याला आयपीसीच लागते. म्हणजे दिवसभर ३०२, ४२०, ४९८अ. संध्याकाळी अभ्यासिकेत गेलं की आयपीसीच्या जागी आलेली बीएनएस, म्हणजे खून १०३, फसवणूक ३१८, आणि ४९८अ च्या जागी ८५ आणि ८६. रात्री जेवताना बाबांनी विचारलं आज कसली केस होती तर मी कुठला नंबर सांगायचा यावर अडकायचे.

नुसते नंबर बदलले असते तरी पाठ केले असते हो. डोकं फिरवलं ते त्या नंबरांनी जे गेले नाहीत, नुसतं घर बदलून शेजारी राहायला गेले. जुन्या सीआरपीसीत ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करून घ्यायला ज्याखाली जातात ते. तिच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएसमध्ये ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो इतकी वर्षं ४३८ होता. आणि हायकोर्टाचं ते आता ५२८. १४४ चं त्याहून भारी, सगळ्या देशाला जमावबंदी म्हणून पाठ असलेलं कलम, ते आता १६३ आहे, आणि नव्या १४४ मध्ये येऊन बसलीय पोटगी, जी आधी १२५ होती. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं '१४४ लागू, घोळक्याने उभे राहू नये', आणि मी मनातल्या मनात म्हटलं, पोटगी लागू झाली तर घोळक्याने उभं राहायला काय हरकत आहे. हे ग्रुपवर लिहायचा मोह आवरला. फ्रीजवर मी जुने-नवे आकडे दोन रकान्यांत लिहून चिकटवले होते, बाबांनी चष्मा वर करून नीट वाचलं आणि विचारलं, "हे काय, मटका सुरू केलास का?"

तारखांनी पण छळलं. आधी २४ नोव्हेंबर होती, मग १ डिसेंबर झाली, मग २२ डिसेंबर. लोक म्हणायचे बरं झालं, अभ्यासाला वेळ मिळाला. अजिबात नाही. परीक्षा पुढे गेली की अभ्यास पुढे जात नाही, फक्त टेन्शन पुढे जातं, आणि साहेबांकडे पुन्हा सुट्टी मागायला जावं लागतं. दिवाळीत घरी सगळे फराळावर बसलेले आणि मी आतल्या खोलीत सीपीसी घेऊन, दर अर्ध्या तासाला कुणीतरी डोकावून म्हणायचं, अगं ये की बाहेर, सोपी असते ना ती.

पैशाचं पण सांगते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. परीक्षेची फी ३,५००, एससी-एसटीला २,५००. ऐकायला फार नाही, पण ज्युनियरला महिन्याला काय मिळतं हे ज्याला माहीत आहे त्याला कळेल, मी बाबांच्या खात्यातून भरली. त्याच ऑक्टोबरात बार काउन्सिल ऑफ इंडियाचं परिपत्रक आलं होतं, ज्युनियरला शहरात महिन्याला किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत म्हणून. नुसती शिफारस, सक्ती नाही. ते आम्ही सगळ्या ज्युनियर लोकांनी एकमेकांना धडाधड फॉरवर्ड केलं. साहेब लोकांना कुणी केलं नाही.

एका रात्री अभ्यास सोडून मोबाइल बघत असताना कळलं की कॉर्नेलिया सोराबजींचा जन्म नाशिकचा, १८६६ चा. भारतातल्या पहिल्या महिला वकील म्हणून नाव वाचलं होतं पण नाशिक हे कॉलेजात कधी कुणी सांगितलं नाही. या बाईंनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, आणि डिग्री? बायकांना डिग्री द्यायचीच पद्धत नव्हती तिथे, ती १९२० ला सुरू झाली. म्हणजे परीक्षा देऊन अठ्ठावीस वर्षं थांबा. यातून मला प्रेरणा वगैरे मिळाली असं काही झालं नाही, दीड वाजला होता आणि एव्हिडन्सचं एक पान वाचून झालं नव्हतं, फक्त एवढंच वाटलं की निकालाची वाट बघायचा आमच्या गावाला जुना अनुभव आहे.

सेंटर पुणे आलं. आदल्या दिवशी बसने निघाले, सिन्नर, संगमनेर, चंदनापुरीचा घाट, नारायणगाव, आणि मग चाकणला नेहमीसारखं अडकलो. बसमध्ये आजूबाजूला बघितलं तर पाच-सहा जणांच्या मांडीवर बेअर ॲक्ट, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आत्याकडे पोचले तर तिने दारातच ओवाळायचं ताट आणलं, म्हटलं आत्या अगं मी उद्या परीक्षा देणार आहे, लग्न नाहीये.

सेंटरवर लोक ट्रॉली बॅगा घेऊन आले होते. खरंच. सगळे बेअर ॲक्ट भरून. गेटवर एकेक पुस्तक चाळून बघत होते, कुठे पेनाने काही लिहिलंय का, आणि ज्याचं सापडलं त्याचं पुस्तक बाहेर. एका मुलीने अख्ख्या राज्यघटनेला रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या त्या तिथे फुटपाथवर बसून काढत होती, दोन अनोळखी बायका तिला मदत करत होत्या. माझ्या शेजारच्या बाकावर पोलीस खात्यातून रिटायर झालेले एक काका होते, रिटायर झाल्यावर तीन वर्षांचं एलएलबी केलेलं. म्हणाले, "मॅडम, अख्खी नोकरी कलमं लावण्यात गेली, झोपेतून उठवून विचारा, सांगेन. आणि आता नापास झालो तर ह्या नव्या आकड्यांपायी होणार." सांगताना हात थरथरत होता त्यांचा. पोलिसाचा हात थरथरताना बघून मला का कोण जाणे जरा धीर आला.

पेपर कसा होता? खरं सांगायचं तर ठीक होता. प्रश्न लांबलचक होते, पण मान मोडणारे नाहीत. वाट लावतात ते बेअर ॲक्टच. १८० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एकाला दोन मिनिटं पण नाहीत, आणि कलम शोधायला पुस्तक उघडलं की तीन मिनिटं कुठे गेली कळत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात हॉलमध्ये नुसता पानांचा आवाज, ज्यांनी फार पुस्तकं आणली होती तेच जास्त शोधत होते. मी ठरवूनच आले होते की जे येतंय ते आधी, पुस्तक शेवटी, आणि निगेटिव्ह नाही म्हटल्यावर एकही गोळा रिकामा ठेवायचा नाही.

पुढचे दिवस परीक्षेपेक्षा वाईट होते. आन्सर की आली, मग हरकती, मग काही प्रश्न रद्द झाले, मग आता पासिंग कितीला यावर ग्रुपवर भर कोर्टाच्या वेळेत मारामाऱ्या. सगळे वकील, त्यामुळे कुणीच हार मानत नव्हतं. निकाल लागला तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. पास. आईला फोन केला, ती म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं, सोपी असते."

आणि ज्यांचं राहिलं ते? आमच्या ओळखीत कुणाचंच राहिलं नाही, असं तुम्ही बार रूममध्ये विचारलं तर सांगतील. निकालाच्या आठवड्यात एकजण एकदम आजारी पडला, एकीच्या घरी पाहुणे आले, एकाने स्टेटस ठेवणंच बंद केलं. पुढच्या आठवड्यात सगळे परत आले, फाइली उचलल्या, तारखा घेतल्या, आणि चहाला मात्र सीबीएस बसस्टँडकडे लांबच्या टपरीवर जायला लागले. माझ्याशेजारी दीड वर्ष बसलेल्या मैत्रिणीचं राहिलंय हे मला पुढच्या परीक्षेचा फॉर्म आला तेव्हा कळलं, कारण तिने माझे बेअर ॲक्ट मागितले. मी काही विचारलं नाही, तिने पण काही सांगितलं नाही. तिच्या दोन वर्षांतलं निम्म्याहून जास्त संपलंय.

बीएनएस, बीएनएसएस, साक्ष अधिनियम, सीपीसी आणि घटना तिला दिलेत, बाकी नेऊ नकोस म्हटलं, ओझंच होतं. सीपीसीत ऑर्डर ३९ च्या पानावर मी पेन्सिलने काहीतरी खरडलंय, ते आधी खोडून घे म्हणून तिला आत्ताच मेसेज केलाय.