चार सेकंद

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज परत तेच. सकाळी चहा घेऊन बसलो, पीसीचं बटण दाबलं, पंखे फिरले, मदरबोर्डावरचा बारका दिवा लागला आणि टप्, सगळं बंद. परत दाबलं तर काहीच नाही, एकदम मेल्यासारखा गप्प. मग मागचा स्विच बंद करायचा, पाच मिनिटं थांबायचं, कॅबिनेट पुढे ओढायचं, केबली दाबून बघायच्या, चार शिव्या घालायच्या, आणि मग तिसऱ्या नाहीतर चौथ्या वेळी साहेब उठणार, आणि एकदा उठले की रात्रीपर्यंत काही म्हणजे काही तक्रार नाही. आज आठ तास व्हिडिओचा रेंडर लावला होता, पंख्यांचा नुसता घरघराट, पण एकदासुद्धा अडला नाही. नंतर अपडेटसाठी दोनदा रिस्टार्ट पण झाला, तो पण व्यवस्थित. फक्त सकाळी उठायचं जिवावर येतं. आई म्हणाली तुझ्यावरच गेलाय.

पाऊस सुरू झाल्यापासून हे चाललंय. हा पीसी मी स्वतः जोडलाय, जानेवारी २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या जेमतेम दोन महिने आधी. रायझेन ५ ३६०० प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. तेव्हा एकेक पार्ट आणताना जी मजा आली होती ती आठवली की आता याच्यावर चिडायला पण होत नाही धड. स्वतः जोडलेल्या मशीनचा हा एक वैताग असतो, कंपनीचा असता तर फोन करून कोणाच्या तरी डोक्यावर बसलो असतो, इथे इंजिनियर पण मीच आणि गिऱ्हाईक पण मीच.

परवा आषाढी झाली, म्हणजे आता चातुर्मास, लग्नं नाहीत, नवीन काम नाही. पण मे महिन्यातल्या लग्नांचे तीन व्हिडिओ अजून माझ्याकडेच पडून आहेत आणि एका नवरीचा भाऊ दर दोन दिवसांनी "दादा झालं का" विचारतो. शिवाय बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, त्यांचा सगळा हिशेब, मेंटेनन्सची थकबाकी, सगळं याच मशीनमध्ये. ते काही बोलत नाहीत, पण रोज सकाळी मी बटण दाबतो तेव्हा पेपर खाली करून बघतात.

गुरुवार

काल-आज मिळून एवढं केलं. बोर्डावर चार दिवे आहेत, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. मशीन बंद पडतं तेव्हा दर वेळी डीरॅमवाला दिवा लागलेला असतो. म्हणजे रॅमच, असं म्हणून दोन्ही काढल्या, सोनेरी पट्टीवरून खोडरबर फिरवलं (काळं निघालं बऱ्यापैकी, पावसाळ्यात इथे काय काळं पडत नाही), मऊ ब्रशने झटकून परत लावल्या. मग एकच लावून बघितली, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. कधी चालू, कधी बंद. पॅटर्नच नाही.

मग सेल. बोर्डावरचा तो बटणासारखा सीआर २०३२, मीटरला २.९ दाखवत होता, तीनचा असतो, म्हणजे ठीकच, तरी घड्याळवाल्याकडून तीस रुपयांचा नवीन आणून टाकला. काही फरक नाही, उलट बायोसमधली, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्राममधली, सेटिंग उडाली ती परत करत बसलो. ग्राफिक्स कार्ड काढून बघावं तर ३६०० ला स्वतःचं ग्राफिक्सच नाही, स्क्रीनवर काय कपाळ दिसणार.

मग एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. त्याची यू-पिनवाली टेस्ट केली. प्लग काढून, २४ पिनवाला कनेक्टर बोर्डातून सोडवून, हिरवी वायर आणि कुठलीही एक काळी यांच्यामध्ये वाकवलेली यू-पिन, मग प्लग लावून मागचा स्विच चालू. पंखा फिरला. मीटरला १२.०८, ५.०३, ३.३१, आणि जांभळ्या वायरवर, जिथे मशीन बंद असतानासुद्धा पाच व्होल्ट असायला पाहिजेत, तिथे ५.०६. पाच टक्के इकडेतिकडे चालतात, हे तर अगदी शिस्तीत. पण यात एक मेख आहे, रिकाम्या पोटी कोणीही सरळ चालतो, लोड आल्यावर काय करतो ते या टेस्टमध्ये कळत नाही. आतले कपॅसिटर म्हातारे झाले की गार असताना त्यांना दम धरत नाही आणि दोन-तीनदा प्रयत्न करून गरम झाले की मग चालतात. सकाळी त्रास, नंतर आराम. लक्षण तंतोतंत जुळतंय. साडेपाच वर्षं झाली, मुंबईची हवा, संशय सगळा तिथेच.

शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाणार. रविवारी बाजार बंद असतो.

शनिवार

पाऊस सकाळपासून. बोर्ड, प्रोसेसर-रॅम त्यावरच, बोर्डाच्या मूळ खोक्यात घातला, कार्ड टॉवेलमध्ये गुंडाळलं, एसएमपीएस वेगळा, आणि हे सगळं आईने दिलेल्या दादरच्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत, वरून अजून एक प्लॅस्टिकची पिशवी. कॅबिनेट कोण नेणार लोकलमध्ये. भांडुपहून दादर, तिथे पूल ओलांडून वेस्टर्न, मग ग्रँट रोड. दादरच्या पुलावर एका काकांचा छत्रीचा दांडा बरोबर पिशवीत घुसला, मी असा ओरडलो की त्यांना वाटलं आत बाळ आहे.

लॅमिंग्टन रोडचं खरं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते फक्त पाटीवर. तिथला एक दुकानदार माझ्या ओळखीचा आहे, जुना माणूस, काउंटरच्या मागे फूटभर जागेत बसून दिवसभर बोर्ड तपासतो. त्याने खोक्यावरच बोर्ड ठेवला, वायरी जोडल्या, स्क्रू ड्रायव्हरचं टोक कोपऱ्यातल्या दोन पिनांना टेकवलं, झालं चालू. बंद केला, परत टेकवलं, परत चालू. दहा वेळा केलं त्याने, माझ्याच एसएमपीएसवर, आणि दहाही वेळा बायोसचा स्क्रीन आला. म्हणाला, "भाई, तेरा माल एकदम बराबर है, घर जा, चाय पी."

आता माणसाने खरं तर घरी जाऊन चहाच प्यायला पाहिजे होता. पण एवढं भिजत आलोय, दोन गाड्या बदलून, आणि काहीच न घेता परत जायचं हे मनाला पटेना. ५५० वॉटचा नवीन एसएमपीएस घेतला, चार हजार दोनशे. तो दुकानदार स्वतः म्हणत होता जरूरत नहीं है, आणि मी त्याला समजावत होतो की लोडवर कपॅसिटरचं काय होतं. विकणारा नको म्हणतोय आणि घेणारा द्या म्हणतोय, असं गिऱ्हाईक त्यालाही रोज मिळत नसेल.

संध्याकाळी सगळं परत जोडलं. पहिल्याच दाबात चालू! आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली बरं झालं बाबा, आता हॉलमधला पसारा उचल.

रविवार, रात्री

सकाळी साडेआठला बटण दाबलं. पंखे, दिवा, टप्.

मी पाचेक मिनिटं नुसता बघत बसलो. मग डोकं चालवलं की दुकानात चालतो आणि घरी चालत नाही म्हणजे दोष घरच्या लाइनचा. बिल्डिंग जुनी, अर्थिंगचा काही भरवसा नाही. वायरमनला बोलवलं, रविवार म्हणून तो अकराला आला, प्लगमध्ये मीटर घातला, फेज-न्यूट्रल २३४, न्यूट्रल-अर्थ दीड-दोन व्होल्ट. म्हणाला अर्थिंग झकास आहे, फ्रिज-टीव्ही चालतायत ना मग. तीनशे रुपये घेतले. जाताना एक्स्टेंशन बोर्ड बदला म्हणाला, तो पण बदलला.

जेवण झाल्यावर बाबा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते, मी खाली फरशीवर उघड्या कॅबिनेटसमोर. बाबा रेल्वेत सिग्नल खात्यात होते, छत्तीस वर्षं. कॉम्प्युटरमधलं त्यांना एक्सेलच्या पुढे काही कळत नाही असं ते स्वतःच सांगतात. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले,

"किती सेकंद चालतो रे?"

"काय?"

"चालू होऊन बंद पडतो तो किती वेळात? मला रोज सारखाच वाटतो."

मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. चार. परत केलं, दोन-तीन प्रयत्न गप्प राहिला, मग चालू झाला, चार. परत, चार आणि काहीतरी पॉइंट. खराब कपॅसिटर किंवा ढिली रॅम कशाला घड्याळ लावून बंद पडेल?

"आणि दुकानात याचं बटण कोणी दाबलं?"

"बटण नव्हतंच ना बाबा, कॅबिनेट नव्हतं नेलं, त्याने स्क्रू ड्रायव्हरने पिना..." आणि मी तिथेच थांबलो.

बाबांनी पेपर वर केला. "सप्लाय बरोबर, वायर बरोबर, रिले बरोबर, तरी सिग्नल पडत नसेल तर आम्ही आधी कॉन्टॅक्ट बघायचो," एवढं पेपरच्या मागून आलं.

च्यायला. चार सेकंद म्हणजे काय हे मला माहीत होतं, गेली वीस वर्षं हँग झालेला प्रत्येक कॉम्प्युटर मी तसाच बंद केलाय, बटण चार सेकंद दाबून धरायचं की तो कशाचंही न ऐकता बंद होतो. पूर्वी बाबांच्या ऑफिसात जे कॉम्प्युटर होते त्यांचा स्विच खरोखरचा स्विच असायचा, खट् करून करंटच तोडायचा. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचा बोर्ड-एसएमपीएसचा नवीन साचा आणला तेव्हापासून पुढचं बटण करंटला हात लावत नाही, ते फक्त बोर्डाला दोन पिनांवर एक टिचकी मारतं, की उठ. टिचकी चार सेकंद लांबली की बोर्ड समजतो मालकाला बंद करायचंय. माझं बटण दाबल्यावर आत जाऊन तिथेच बसत होतं. म्हणजे चालू कर सांगून लगेच बंद कर पण तेच सांगत होतं, आणि मग अडकलेलं असल्यामुळे वरून कितीही दाबा, नवीन टिचकी जातच नव्हती. मी चिडून कॅबिनेट ओढायचो त्या धक्क्याने ते सुटायचं. आणि चौथ्या सेकंदाला बोर्ड बिचारा रॅमच तपासत असायचा म्हणून दिवा डीरॅमचा. विंडोजमधून रिस्टार्ट केला की बटणाचा संबंधच नाही, म्हणून तो दर वेळी बरोबर. सगळं समोर होतं, मंगळवारी मी हे याच वहीत लिहिलंय पण.

खात्री करायची म्हणून पॉवर स्विचची दोन पिनांची वायर काढली आणि स्क्रू ड्रायव्हरने चालू केला. बारा वेळा. बारा वेळा चालू. मग मीटर बीपवर लावून वायरच्या दुसऱ्या टोकाला धरला आणि बटण दाबून सोडलं. बीऽऽऽऽऽप. सोडलं तरी बीप. नखाने कड उचकटली तेव्हा थांबला.

पुढचं प्लॅस्टिक काढून बटण बाहेर घेतलं. भोवती पिवळट-करडा थर, मेणासारखा, बोट लावलं तर तार सुटत होती. आईने वास घेतला आणि म्हणाली, "हे फोडणीचं आहे." दोन वर्षांपूर्वी टेबल हलवलं तेव्हापासून कॅबिनेट स्वयंपाकघराच्या दाराला लागून आहे, वन बीएचकेमध्ये दुसरी जागा कुठली. रोजच्या तेलाची वाफ, त्यावर धूळ, वर पावसाळ्याची ओल, सगळ्याचा छान लगदा होऊन बटणाच्या चारी बाजूंनी बसला होता. एक्झॉस्ट फॅन लावा म्हणून मी तीन वर्षं ऐकतोय, तो विषय आईने तिथल्या तिथे परत काढला.

थर्मल पेस्ट पुसायला आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल होतं, त्याने घासून साफ केलं. पाच-सहा वेळा छान उठलं, मग परत एकदा आत राहिलं, आतली स्प्रिंगच मेलीये बहुतेक. म्हणून मग रिसेटच्या बटणाची वायर काढून पॉवरच्या पिनांवर लावली. दोन्ही बटणं आतून सारखीच, दाबलं की जोडणार, सोडलं की तोडणार, उलटसुलट लावलं तरी चालतं. रिसेट तसंही कोण वापरतं.

सोमवार

पहिल्या दाबात चालू. रिसेटचं बटण मुगाच्या दाण्याएवढं आहे, बोटाने नीट जात नाही, पेनाच्या टोपणाने दाबावं लागतं, टोपण आता टेबलावरच ठेवलंय.

दुकानदाराला फोन केला, एसएमपीएस परत घेणार का. आधी तो पोटभर हसला, मग म्हणाला सील खुल गया ना भाई. जुना एसएमपीएस नवीनच्या खोक्यात घालून माळ्यावर टाकला. चार हजार दोनशे, वायरमनचे तीनशे, एक्स्टेंशन बोर्ड, सेलचे तीस, बाबांनी सगळी बेरीज तोंडीच करून सांगितली, मी विचारलं नव्हतं.

मोठं बटण जागेवर परत बसवलंय, नाहीतर तिथे भोक दिसतं. सकाळी पुसताना आईने सवयीने ते दाबलं, काही झालं नाही, तिने परत दाबलं.

दुपारी बाबांनी थकबाकीची यादी छापायला घेतली. तिसऱ्या पानावर प्रिंटरमध्ये कागद अडकलाय, ते म्हणतायत तू हात लावू नकोस, मी बघतो.