मुलाखतीच्या टेबलावरचा पंप

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा महाडच्या एमआयडीसीतील एका रासायनिक कारखान्यात ३ वर्षांपासून प्लँट ऑपरेटर म्हणून काम करतो. रसायन अभियांत्रिकीची पदविका घेतल्यावर तो तिथे लागला आणि सॉल्व्हंट रिकव्हरी (वापरलेले द्रावक शुद्ध करून परत मिळवणाऱ्या) विभागात रुळला. आता आखाती देशातील एका रिफायनरीसाठी फील्ड ऑपरेटरांची भरती मुंबईत होत असून येत्या शुक्रवारी त्याची मुलाखत आहे. गेल्या रविवारी तो सकाळच्या एसटीने पनवेलला माझ्याकडे आला. तेल आणि वायू क्षेत्रात माझी २४ वर्षे गेली, त्यातली ११ आखातात, आणि शेवटच्या काही वर्षांत मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसण्याची जबाबदारीही माझ्याकडे आली होती. त्या दिवशी आमच्यात जे बोलणे झाले ते त्याच्यासारख्या इतर मुलामुलींच्याही उपयोगी पडेल, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

त्याच्या मोबाइलमध्ये कुणीतरी पाठवलेली २०० प्रश्नोत्तरांची फाइल होती. "मामा, यातले दीडशे पाठ झालेत," असे तो म्हणाला. मी मोबाइल बाजूला ठेवायला सांगितला, जेवणाच्या टेबलावर एक कोरा कागद पसरला आणि म्हटले, "सेंट्रिफ्यूगल पंप काढ आणि तो सुरू करून दाखव."

त्याने आतले चाक वेगाने फिरवून द्रव ढकलणारा तो पंप काढला. सक्शनचा (द्रव आत येणाऱ्या बाजूचा) व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, केसिंग व्हेंट करून आतली हवा काढायची, डिस्चार्जचा (द्रव बाहेर जाणाऱ्या बाजूचा) व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, मोटर सुरू करायची आणि प्रेशर आले की डिस्चार्ज हळूहळू उघडायचा, हे त्याने एका दमात सांगितले. उत्तर चुकीचे नव्हते, परंतु समोर बसलेल्या माणसाने हे उत्तर त्या दिवसात वीस वेळा ऐकलेले असते. त्याची खरी चौकशी इथून पुढे सुरू होते. डिस्चार्ज बंद का ठेवायचा? प्रवाह शून्य असताना अशा पंपाला सर्वांत कमी शक्ती लागते, त्यामुळे सुरुवातीला मोटरवर ताण कमी येतो. मग तो बंद किती वेळ ठेवायचा? अगदी थोडा, कारण बाहेर जायला वाट नसलेला द्रव आतल्या आत फिरून तापतो, त्याची वाफ होऊ लागते आणि सील जाते. म्हणूनच मोठ्या पंपांना किमान प्रवाहाची वेगळी लाइन दिलेली असते. पंप सुरू झाल्यावर आतून खडी फिरल्यासारखा आवाज आला, तर काय समजायचे? कॅव्हिटेशन, म्हणजे द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन ते फुटणे. मग सक्शनच्या टाकीची पातळी, स्ट्रेनर (गाळणी) आणि द्रवाचे तापमान या तीन ठिकाणी नजर गेली पाहिजे. भाच्याला या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते, कारण हे सगळे त्याने रात्रपाळीत हाताने केलेले आहे, आणि तरीही विचारल्याशिवाय त्यातले एकही त्याने सांगितले नाही. पाठ केलेल्या उत्तराने त्याच्या हातचे ज्ञान झाकून टाकले होते.

मग मी विचारले, "आणि दट्ट्याचा, रेसिप्रोकेटिंग पंप असेल तर?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "तेव्हा डिस्चार्ज उघडाच पाहिजे." मला फार बरे वाटले, कारण याच प्रश्नावर १९९८ साली मी स्वतः अडखळलो होतो. मुंबईतल्या एका कार्यालयात माझी पहिली मोठी मुलाखत होती. समोरच्या गृहस्थांनी रसायन सोडणारा डोसिंग पंप कसा सुरू करशील असे विचारले आणि मी डोळे मिटून सेंट्रिफ्यूगल पंपाची रीत म्हणून दाखवली. त्यांनी शांतपणे पेन खाली ठेवले आणि विचारले, "डिस्चार्ज बंद ठेवून तू तो चालवलास, तर आतले प्रेशर कुठवर जाईल?" अशा पंपात दट्ट्या दर फेऱ्याला ठरावीक द्रव पुढे ढकलतोच, वाट बंद असेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडेपर्यंत किंवा काहीतरी फुटेपर्यंत प्रेशर चढत राहते. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते असे नाही. प्रश्नातला 'डोसिंग' हा शब्द मी ऐकलाच नव्हता. ती नोकरी मिळाली नाही, आणि प्रश्न संपूर्ण ऐकून, कोणता पंप, कोणता द्रव, किती तापमान हे उलट विचारून मगच तोंड उघडण्याची सवय मला तेव्हापासून लागली. असे उलट विचारणाऱ्या उमेदवाराबद्दल पॅनेलचे मत खराब होत नाही, उलट त्याने प्लँटमध्ये काम केलेले आहे याची त्यांना खात्री पटते.

परंतु भाच्याच्या उत्तरातली सर्वांत मोठी उणीव व्हॉल्व्हच्या आधीची होती. पंपाकडे जाण्यापूर्वी तो पंप चालवण्यायोग्य आहे का, त्यावर कोणाचे काम चालू आहे का, त्याचे परमिट (कामाची लेखी परवानगी) बंद झाले आहे का, मोटरच्या ब्रेकरला कुलूप आणि टॅग लावलेला आहे का, आधीच्या पाळीने लॉगबुकमध्ये काय लिहून ठेवले आहे, यातले काहीच त्याने सांगितले नव्हते. मी त्याला पायपर अल्फाची हकिकत सांगितली. स्कॉटलंडच्या पूर्वेला उत्तर समुद्रात असलेल्या या प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ च्या रात्री दोन कंडेन्सेट (वायूतून निघणारे हलके तेल) पंपांपैकी एक बंद पडला. दुसरा पंप दिवसा दुरुस्तीसाठी बाजूला काढलेला होता आणि त्याच्या लाइनवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी उतरवून तिथे नुसती ब्लाइंड फ्लँज (तोंड बंद करणारी चकती) बसवलेली होती. पंपाच्या दुरुस्तीचे परमिट वेगळे आणि व्हॉल्व्हचे वेगळे होते. व्हॉल्व्ह जागेवर नाही ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोहोचलीच नाही. त्यांनी तो पंप सुरू केला, फ्लँजमधून वायू सुटला, स्फोट झाला आणि १६७ माणसे गेली. न्यायमूर्ती लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला. त्यातल्या १०६ शिफारशींनी समुद्रावरच्या कामाची पद्धत बदलली, आणि आज मुलाखतीत परमिट आणि पाळीबदल यांवर जे इतके खोदून विचारतात त्याच्या मुळाशी ती रात्र आहे.

हकिकत ऐकून भाचा बराच वेळ कागदावरच्या पंपाकडे पाहत राहिला. मग त्याने सांगितले की त्याच्याकडेही एकदा पाळी बदलताना, उघडून ठेवलेल्या एका स्ट्रेनरची नोंद लॉगबुकात राहून गेली होती आणि लाइनवर फिरताना तो स्ट्रेनर त्याच्या नजरेस पडला म्हणून त्याने पंप सुरू करू दिला नाही. मी म्हटले, "अरे, हीच तुझी मुलाखत आहे. हे तू आत्तापर्यंत मला का नाही सांगितलेस?" त्याला वाटत होते की एवढीशी गोष्ट कुणाला सांगायची. मी पॅनेलवर असताना ज्यांची नावे पुढे पाठवली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी अशीच एखादी एवढीशी गोष्ट तारीख, पाळी, लाइन आणि केलेली कृती यांसह सांगितलेली होती. "मी सुरक्षिततेला प्रथम प्राधान्य देतो" हे वाक्य प्रत्येक जण बोलतो; काम थांबवल्याचा एक प्रसंग मात्र ज्याने थांबवले तोच सांगू शकतो.

त्यानंतर हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा विषय काढला, कारण आखातातल्या मुलाखतीत तो हमखास निघतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो हे सर्वांना पाठ असते. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होते आणि वास येणे बंद झाले म्हणजे धोका गेला असे समजणारा माणूस तिथेच कोसळतो, हे सांगणारे कमी भेटतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात आणि सखल जागी साचतो, म्हणून वाऱ्याची दिशा पाहून वाऱ्याला आडवे जाऊन बाहेर पडायचे आणि मग वारा जिकडून येतो त्या बाजूला एकत्र यायचे. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "तुझा सहकारी समोर पडलेला दिसला, तर काय करशील?" इथे चांगल्या मनाची मुले पटकन सांगून जातात की धावत जाऊन त्याला उचलीन. ज्या हवेने तो पडला तीच हवा उचलणारा घेणार असतो. आधी अलार्म, रेडिओवर कळवणे, आणि श्वसनयंत्र चढवून जोडीदारासह आत जाणे, हाच क्रम सांगायचा, आणि तो सांगताना आपण निष्ठुर दिसू अशी भीती बाळगायची नाही. भाच्याने "धावत जाईन" असेच उत्तर दिले होते, तेव्हा या एका मुद्द्यावर मी त्याच्याशी कडक शब्दांत बोललो.

दुपारी त्याच्या स्वतःच्या प्लँटकडे वळलो. त्याला वाटत होते की रिफायनरीच्या लोकांना मिथेनॉलच्या छोट्या कॉलममध्ये (द्रव उकळून वेगळे करणाऱ्या उभ्या मनोऱ्यात) काय रस असणार. माझे मत अगदी उलटे आहे. कॉलमच्या माथ्यावर ६५ अंश का, याचे उत्तर त्याला नेमके देता आले: वातावरणीय दाबाला मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते. माथ्याचे तापमान चढू लागले तर पाणी वर येत आहे हे ओळखून तो रिफ्लक्स, म्हणजे थंड करून माथ्यावर परत सोडलेला द्रव, वाढवतो. ही समज असलेल्या माणसाला क्रूडचा कॉलम परका वाटत नाही. तिथे भट्टीतून साधारण ३५० ते ३७० अंशांचे तेल येते, माथ्यावरून नॅफ्था जातो, बाजूने केरोसीन आणि डिझेल काढतात. तळाला उरलेले जड तेल आणखी तापवले तर त्याचे रेणू फुटून कोक धरतो, म्हणून ते निर्वात कॉलममध्ये कमी दाबाखाली उकळतात. हे मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले, आणि सुरुवातीला "क्रूड मी स्वतः हाताळलेले नाही" हे वाक्य ठेवायला लावले.

त्या वाक्यावरून संध्याकाळी थोडा वाद झाला. एजन्सीने त्याचा बायोडेटा सुधारून पाठवला होता: ३ वर्षांच्या जागी ६, आणि जोडीला डीसीएस (संगणकीय नियंत्रण) पॅनेलवर काम केल्याचा उल्लेख. "मामा, सगळ्यांचेच असे करतात, नाहीतर नाव पुढे जात नाही," असे तो म्हणाला. पॅनेलवरचा माणूस एखाद्या कंट्रोलरची ट्यूनिंग किंवा कॅस्केड कसे काम करते असे साधे काही विचारतो आणि दोन मिनिटांत खोटेपणा उघडा पडतो. त्यानंतर उमेदवाराने सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरही कोणाचा विश्वास बसत नाही. आणि समजा खपून गेले, तरी ६ वर्षांचा अनुभवी समजून त्याला पहिल्याच महिन्यात एकट्याला युनिटवर उभे करतील, त्याचे काय? शेवटी त्याने माझ्यासमोर एजन्सीला फोन करून खरा बायोडेटा पाठवला. पलीकडचे गृहस्थ नाराज झाले, पण नाव वगळले नाही.

एजन्सीचाच विषय आहे म्हणून सांगतो. ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का हे मुलाखतीआधी पाहावे, आणि सेवाशुल्काची कायदेशीर मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकीच आहे हे लक्षात ठेवून पावतीशिवाय पैसे देऊ नयेत. मूळ पासपोर्ट कारणाशिवाय कोणाच्या हाती सोपवू नये.

वेल्डर मुलांची गोष्ट थोडी निराळी असते, कारण त्यांची मुलाखत तोंडापेक्षा हातांची होते. ४५ अंशांत पक्का बांधलेला पाइप, म्हणजे ६जी, त्यांच्यापुढे ठेवतात आणि जोड रेडिओग्राफीला जातो. त्यांनी शेवटचे आठ दिवस कागदावर न घालवता एखाद्या वर्कशॉपमध्ये रूट रन (जोडाचा पहिला थर) मारण्यात घालवावेत. समुद्रावर जाणाऱ्यांना पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याच्या प्रशिक्षणाविषयी विचारतात. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या उत्तर प्लॅटफॉर्मवर २७ जुलै २००५ रोजी लागलेली आगही त्यांना माहीत असावी: जखमी कर्मचाऱ्याला पोहोचवायला आलेले जहाज वायूच्या राइझरवर (समुद्रातून वर येणाऱ्या पाइपवर) आदळले आणि २२ जणांचे प्राण गेले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर घडलेली ही घटना आपल्याकडच्या उमेदवाराला सांगता आली नाही तर मला वाईट वाटते.

इंग्रजीची भीती भाच्याच्या मनात सर्वांत जास्त होती. समोर इजिप्तचा, फिलिपिन्सचा किंवा केरळचा माणूस असू शकतो आणि इंग्रजी त्याच्याही घरची भाषा नसते, हे मी त्याला समजावले. लहान वाक्ये, कृतीचा क्रम आणि हातात पेन एवढे पुरते. रात्री जेवण झाल्यावर त्याने तीच पंपाची आकृती माझ्या पत्नीला मराठीत समजावून सांगितली. तिने मध्येच विचारले, "पण तो आधीचा माणूस सांगायला विसरला असेल तर?" मग दोघे लॉगबुक आणि टॅगवर पंधरा मिनिटे बोलत होते, आणि ते मी मुद्दाम थांबवले नाही.

बुधवारी त्याला सुट्टी आहे, तेव्हा तो पुन्हा येणार आहे. कंप्रेसरचे सर्जिंग (वायूचा प्रवाह उलटून बसणारे हादरे) आणि बंदिस्त जागेत शिरण्याआधीची वायूतपासणी हे दोन विषय राहिले आहेत.